'कीचकवध' आणि प्रेक्षकांच्या मनातला कर्झन

नाशिकमध्ये नाट्यशिबिर घेताना खाडिलकरांच्या 'कीचकवधा'तला एखादा प्रवेश मी मुलांच्या हातात देते. पार्श्वभूमी मुद्दाम सांगत नाही. मुलं वाचतात, त्यांना सैरंध्रीची दया येते, कीचकाचा राग येतो. मग त्यांना सांगते, की या नाटकावर सरकारनं बंदी घातली होती. ती संहिता पुन्हा उलटीपालटी करून बघतात. सरकार कुठेच सापडत नाही.

सरकारलाही ते सापडलं नव्हतंच. 1907 साली महाराष्ट्र नाटक मंडळीनं हे नाटक रंगभूमीवर आणलं, तेव्हा बंगालच्या फाळणीला दोन वर्षंही उलटली नव्हती. नाटकात इंग्रज नाही, इंग्लंड नाही, जे आहे ते महाभारतातलं. पण कीचकाचा तोरा बघून प्रेक्षकांना फाळणी करणारा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला. सैरंध्री भारतमाता झाली, धीर धरा म्हणणारा युधिष्ठिर मवाळ झाला आणि भीम जहाल. हे सगळं घडत होतं प्रेक्षागृहाच्या अंधारात, खुर्च्यांवर बसलेल्या माणसांच्या डोक्यात. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलनं 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात या नाटकाची दखल घेतली, तीही प्रयोग बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांसकट. याच पुस्तकावरून टिळकांनी पुढे लंडनला अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि 1919 मध्ये ते तो हरले.

बंदीचा कायदा मात्र जुना होता, आणि बंगालमधून आलेला. प्रिन्स ऑफ वेल्सला आपल्या घरच्या स्त्रियांकडून ओवाळून घेणाऱ्या एका वकिलावर कलकत्त्याच्या रंगमंचावर प्रहसन झालं. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकनं 1876 मध्ये आधी वटहुकूम काढला आणि वर्ष संपायच्या आत नाट्यप्रयोगांचा कायदा झाला. प्रयोग बदनामीकारक असेल, सरकारविषयी अप्रीती निर्माण करण्याजोगा असेल किंवा प्रेक्षकांना बिघडवणारा असेल, तर सरकारनं तो थांबवावा. हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. या कायद्याचा मला राग येतो तो 'करण्याजोगा' या शब्दासाठी. लेखकानं काय लिहिलं ते न्यायालयात वाचून दाखवता येतं, पण बघणाऱ्याला काय वाटेल याचा पुरावा कुणी आणि कसा द्यायचा? तिथे अधिकाऱ्याचा अंदाज हाच पुरावा.

21 डिसेंबर 1909 ला आमच्या नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेनं गोळ्या झाडल्या. त्या रात्री तिथे प्रयोग होता देवलांच्या 'शारदा'चा, म्हणजे म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीच्या नाटकाचा. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1910 मध्ये, 'कीचकवधा'वर बंदी आली. बंदी आलेल्या त्याच खाडिलकरांचं 'संगीत मानापमान' 1911 मध्ये रंगभूमीवर आलं आणि बालगंधर्वांच्या गाण्यानं लोक वेडे झाले.

स्वातंत्र्यानंतर हा कायदा आपोआप मरायला हवा होता. तो मेला नाही. लखनौत 1953 साली इप्टा या नाट्यसंस्थेच्या मंडळींनी प्रेमचंदांच्या 'ईदगाह'चा प्रयोग केला आणि त्याच कायद्याखाली त्यांच्यावर खटला झाला. 1956 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं तो कायदा घटनाबाह्य ठरवला. तरीही देशाच्या कायद्यांच्या यादीतून त्याचं नाव निघालं ते 2018 मध्येच.

महाराष्ट्रात वेगळी वाट होती आणि आहे: संहिता आधी दाखवायची. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाला आम्ही सगळे नुसतं 'सेन्सॉर' म्हणतो. 1972 मध्ये तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'चे जेमतेम तेरा प्रयोग झाले आणि नाटक अडलं. निळू फुले आणि लालन सारंग यांनी उभं केलेलं ते घर सेन्सॉरला सहन झालं नाही. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. तो लढा त्यांनी 'बाइंडरचे दिवस'मध्ये लिहून ठेवला आहे. शिबिरातल्या प्रत्येक मुलाला मी ते पुस्तक वाचायला लावते. 'बाइंडर'मध्ये राजद्रोहाचा विषयच नव्हता, तरी भीती तीच होती, प्रेक्षक बिघडेल. तिकीट काढून आलेल्या माणसाच्या मनाची जबाबदारी दुसऱ्या कुणी घ्यावी, हे मला 1910 मध्ये जितकं चूक वाटतं तितकंच 1972 मध्येही. नाटकानं कुणाची खोटी बदनामी केली, तर प्रयोगानंतर न्यायालय आहेच. पण प्रयोग तर होऊ दे.