गव्हाच्या दाण्यांतले ६४१

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली असते. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जायचे. राजा आधी हसतो आणि मग त्याची कोठारे अपुरी पडतात. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकान या अरबी भाषेतल्या चरित्रकाराने ही कथा नोंदवून ठेवली आहे.

एकूण दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. गोष्ट इथे संपते. पण या वीस आकडी संख्येच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला तीच जास्त आवडते.

तिचे मूळ अवयव सातच निघतात: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७. यातल्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या प्रत्येकातून एक वजा करून पाहा. २, ४, १६, २५६, ६५५३६... प्रत्येक संख्या आधीच्या संख्येचा वर्ग!

फ्रान्समधल्या तुलूझच्या न्यायालयात काम करणारा आणि फावल्या वेळात गणित करणारा पिएर द फर्मा याला १६४० च्या सुमारास या साखळीने भुरळ घातली. पाचही संख्या मूळ, तेव्हा पुढच्या सगळ्याच मूळ असणार, असे त्याचे मत झाले. सिद्धता हाती नाही, हे त्याने पत्रात प्रांजळपणे लिहिले, पण विश्वास मात्र ठाम होता. सहावी संख्या होती ४२९४९६७२९७.

जवळजवळ नव्वद वर्षांनी, १७२९ मध्ये, गोल्डबाखने पत्र लिहून तरुण ऑयलरला याबद्दल विचारले. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले की ती संख्या म्हणजे ६४१ गुणिले ६७००४१७. संपला प्रश्न! या संख्येचा मूळ अवयव ६४ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे, हेही त्याने पुढे सिद्ध केले. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. पाचव्याच प्रयत्नात उत्तर.

आणि गंमत म्हणजे साखळीतल्या या पहिल्या सहा संख्यांचा गुणाकार केला की नेमके आपले गव्हाचे दाणे येतात. त्यांचे ६४१ सारखे ढीग करता येतात, एकही दाणा न उरता.

वर्गात तीन उदाहरणे जुळली की मुले म्हणायची, "सर, नियम झाला!" मी म्हणायचो, चौथे करून बघ. फर्मासारख्या माणसालाही पाच उदाहरणांनी चकवले. आणि आपण त्याला हसू नये, कारण ६५५३७ च्या पुढे या साखळीत आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. तेव्हा "पुढे मूळ नाहीतच" असे म्हणायचा मोह आपल्यालाही होतो. पण तेही अजून कोणी सिद्ध केलेले नाही. मोह तोच, फक्त उलट्या बाजूने आलेला.