तळटीप १४ : १८७५चा कायदा

१४. खाणावळवजा मुक्कामाची ठिकाणे, नाट्यगृहे व वाहने कृष्णवर्णीयांना खुली करणारा अमेरिकी नागरी हक्क कायदा. सर्वोच्च न्यायालयाने १८८३मध्ये ८ विरुद्ध १ मतांनी त्याची मुख्य कलमे रद्द केली : चौदावी घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी मालकांना नाही. लेखक १९६४च्या कायद्याला याचीच ‘पुनरावृत्ती’ म्हणतात, ते तितकेसे बरोबर नाही. तरतुदी मिळत्याजुळत्या असल्या तरी न्यायालयाने तो उचलून धरला आंतरराज्य व्यापाराच्या आधारावर. म्हणूनच अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या मोटेलच्या खटल्यात सुमारे तीन-चतुर्थांश गिऱ्हाईक परराज्यातले, या तपशिलाला एवढे वजन आले. काळ बदलला तसे न्यायालयही बदलले, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे; १८८३चा निकाल त्याने फिरवला नाही, नुसती बगल दिली.