फोटोमागे नाव लिहा!

मंडळी, १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो तुम्हीही मोबाईलवर पाहिला असेल. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या तिघीजणी, आपापल्या देशाच्या पोशाखात. आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबत इस्लामबुली. आज आपण त्यांना ओळखतो, कारण फोटोखाली तिघींची नावं आणि गावं लिहिलेली आहेत.

आनंदीबाई मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. वय अवघं २१. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झाली होती, पण रुजू होणं नशिबात नव्हतं. मागे उरले ते कागद. न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंना त्या मावशी मानायच्या. त्यांना लिहिलेली पत्रं जपली गेली, म्हणून ही बाई काय विचार करत होती ते कळतं. काशीबाई कानिटकरांनी त्यांचं मराठी चरित्र लिहिलं, त्यालाही पत्रांचाच आधार.

आता आपल्या घरचं बघा. दिवाळीच्या साफसफाईत ट्रंक उघडते, पत्रं रद्दीत जातात. फोटोतल्या आजोबांचं नाव सगळ्यांना पाठ. शेजारची बाई कोण? 'अमक्याची आई' किंवा 'तमक्याची बायको'. तिचं स्वतःचं नाव सांगणारं माणूस घरात बहुधा एकच उरलेलं असतं, तेही ऐंशीच्या पुढचं.

येत्या रविवारी त्यांच्याजवळ बसा. नाव, माहेर, गाव, अंदाजे साल विचारा आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू नका.