वसई किल्ल्यातील नगरचौक

पोर्तुगीज अमदानीत वसईच्या तटबंदीच्या आत असलेला मुख्य चौक व बाजार. ज्या साष्टी बेटाच्या उत्तर टोकास काशी व मीरा ही गावे आहेत, त्याचा कारभार याच नगरातून चाले. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने 1534 च्या तहान्वये वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हाच्या हवाली केल्यावर 1536 मध्ये बालेकिल्ला बांधण्यात आला. पुढे त्याभोवती इटालियन दुर्गशास्त्रानुसार दहा कोनाकृती बुरुजांचा कोट उभा राहिला.

वर्णने : जॉन फ्रायर याने 1675 मध्ये येथील दुमजली हवेल्या, आच्छादित सज्जे आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या यांची नोंद केली. 1695 मध्ये आलेल्या जेमेल्ली कारेरीने रस्ते रुंद व सरळ असल्याचे आणि मोठ्या चौकाभोवती चांगल्या इमारती असल्याचे लिहिले आहे; तो इटलीचा, म्हणजे असे चौक जेथे प्रतिष्ठेस पोचले त्या देशाचा असल्यामुळे, हा अभिप्राय केवळ सौजन्याचा मानण्याचे कारण नाही. त्याच वेळी, महामारीमुळे नगराचा उत्तरेकडील भाग ओसाड पडल्याचेही तो सांगतो.

वास्तुशिल्प : चौकाभोवतालची घरे नामशेष झाली असल्याने अवशेषांची परीक्षा चर्चवास्तूंवरूनच करावी लागते. त्यांत जेझुइटांच्या चर्चचे मुख सर्वश्रेष्ठ होय. अर्धवर्तुळाकार कमानीच्या दोहों बाजूंस उभे, पन्हळीदार, कोरिंथियन शीर्षांचे स्तंभ आणि वर कोरलेली ख्रिस्तनामाची आद्याक्षरे यांत प्रबोधनकालीन अभिजात प्रमाणबद्धता, दगड स्थानिक असूनही, जितकी शुद्ध उतरली आहे तितकी ती उत्तर कोकणात अन्यत्र क्वचितच आढळते. बालेकिल्ल्याच्या दरवाजावर पोर्तुगीज राजचिन्ह व खगोल आहेत. सेंट जोसेफ चर्चच्या शिलालेखात 1601 हे साल असून मनोरा उंच आहे. फ्रान्सिस्कन व डोमिनिकन मठांचेही अवशेष आहेत.

उत्तरकाल : मे 1739 मध्ये चिमाजी आप्पाने वसई जिंकली. चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून नेण्यात आल्या. त्यांपैकी नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर 1721 हे साल आहे. किल्ल्यात नागेश्वर व वज्रेश्वरी यांची मंदिरे आहेत. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह वसईचाच. गर्सन द कुन्हाने 1876 मध्ये अवशेषांचे वर्णन प्रसिद्ध केले.

मार्ग : काशीमीरा नाक्यावरून अहमदाबाद महामार्गाने वर्सोवा पूल ओलांडून; भाईंदरहून 2024 पासून रो-रो बोटीनेही.