जीवनदायी आरोग्य योजना : बुलढाणा जिल्ह्यातील लोकप्रतिसाद

गरीब व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना मोठ्या शस्त्रक्रिया व उपचार रोकड न भरता मिळावेत यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना झाले आणि १ एप्रिल २०२० पासून तिला केंद्राची आयुष्मान भारत–प्रधानमंत्री जन आरोग्य योजना जोडली गेली. कागदावर ही तीन नावे असली, तरी दवाखान्याच्या दारात अजून ‘जीवनदायी’ हेच नाव ऐकू येते आणि नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘हे जीवनदायीत बसते का?’ प्रस्तुत नोंद योजनेच्या नियमांपेक्षा तिच्याबद्दल लोकांनी काय म्हटले, काय मागितले आणि कशावर बोट ठेवले, याविषयी आहे.

योजनेचा पहिला टप्पा २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर व मुंबई उपनगर हे जिल्हे होते. शेजारच्या अमरावतीला योजना मिळाली आणि बुलढाण्याला सोळा महिने थांबावे लागले. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली. सुरुवातीला प्रत्येक कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचे, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांचे संरक्षण होते. विम्याचा हप्ता कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये होता आणि तो शासन भरत असे. लाभार्थ्याच्या खिशातून एक रुपयाही जात नव्हता. या एका गोष्टीमुळे योजनेबद्दलच्या लोकमताचे वळण ठरले आणि त्याच सुमारास अमेरिकेत आरोग्य विम्यावरून उठलेल्या वादाशी तुलना करताना तीच आधी लक्षात घ्यावी लागते.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या कारकिर्दीत २३ मार्च २०१० रोजी आरोग्यसेवा सुधारणेच्या कायद्यावर स्वाक्षरी झाली. त्याआधी २००९ च्या ऑगस्टमध्ये लोकप्रतिनिधींच्या सभांत नागरिक उभे राहून ओरडत होते. सरकार दवाखान्यात घुसणार, वृद्धांची काळजी कमी होणार, विमा न घेणाऱ्याला दंड होणार, अशी नाना प्रकारची भीती व्यक्त होत होती. दंडाची तरतूद खरी होती आणि वादाची मुख्य गाठ तीच ठरली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०१२ रोजी ही सक्ती कर म्हणून ग्राह्य धरली. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी महाराष्ट्रात जीवनदायी सुरू झाली, हा निव्वळ योगायोग. अमेरिकेत पाहणीनंतर पाहणी एकच विसंगती दाखवत राहिली. कायद्याचे नाव घेतले की लोक दोन तट पडून बोलत, पण आधीपासून आजार असलेल्याला विमा नाकारू नये हे त्यातले कलम विचारले की दोन्ही तटांना ते हवे असे. २०१७ मध्ये कायदा रद्द करण्याचा प्रयत्न फसला आणि त्याच सुमारास त्याला असलेला पाठिंबा विरोधापेक्षा वर गेला.

बुलढाण्यात असा तट कधी पडला नाही. हप्ता नाही, सक्ती नाही, म्हणून ‘योजना नको’ म्हणणाराही नाही. सत्ताधारी बदलले, नाव बदलले, त्यावर राजकीय पक्षांत शब्दाला शब्द झाले, पण रुग्णाच्या घरच्यांना नावाशी देणेघेणे नव्हते. येथला लोकप्रतिसाद योजनेच्या कडांवर दिसतो. कोण आत, कोण बाहेर. कोणता आजार आत, कोणता बाहेर. आणि आत बसलेला माणूस रुग्णालयापर्यंत पोचतो कसा. सभेतल्या घोषणांपेक्षा हा प्रतिसाद तहसील कचेरीच्या रांगेत आणि रुग्ण व योजना यांना जोडणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी शोधावा लागतो.

पहिली कड रेशनकार्डाची. १९९९ पासून महाराष्ट्रात शिधापत्रिका तीन रंगांच्या आहेत. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळी, त्यावर एक लाखापर्यंत केशरी आणि एक लाखावर शुभ्र. जीवनदायीसाठी पिवळे वा केशरी कार्ड चालत असे, पांढरे चालत नसे. धान्य फारसे न मिळणारे केशरी कार्ड त्यामुळे एकाएकी मोलाचे झाले. १९९९ मध्ये ठरलेली एक लाखाची मर्यादा महागाईत कुठच्या कुठे मागे पडली होती. दोन-तीन एकर कोरडवाहू सोयाबीन-कपाशी आणि घरात एक पोरगा कुठे तरी महिन्याला दहा हजारांवर कामाला, एवढ्यावर कुटुंब हिशेबाने शुभ्र कार्डात जाते. त्या घरातला बाप छातीत कळ येऊन पडला, तर ॲन्जिओप्लास्टीचे पैसे उसनवारीनेच उभे करावे लागत. गावोगाव ‘पांढऱ्या कार्डानं काय पाप केलं’ ही तक्रार होती, आणि ती रास्त होती.

शासनाने तिची अर्धी दखल घेतली. शेतकरी आत्महत्यांमुळे चौदा जिल्हे शेतीसंकटाचे म्हणून वेगळे काढण्यात आले होते. मराठवाड्यातले आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा. त्या यादीत बुलढाणा आहे. पंतप्रधानांनी २००६ मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना दिलेल्या मदत योजनेतही तो होता. या चौदा जिल्ह्यांतील शुभ्र कार्डधारक शेतकऱ्यांना योजनेत घेण्यात आले. पुरावा म्हणून रेशनकार्डासोबत सातबारा लागे. सातबारा नावावर असलेल्याला हे सोपे गेले. पण मक्त्याने दुसऱ्याची जमीन कसणारा, वडिलांच्या नावावरून फेरफार न झालेला, नवऱ्याच्या मृत्यूनंतर वारसनोंद रखडलेली बाई, हे कसणारे असूनही कागदावर शेतकरी नव्हते. रुग्ण खाटेवर आणि घरचा माणूस तलाठ्याच्या शोधात, अशी धावपळ या तरतुदीतून निघाली. सवलत शेतकऱ्याला होती, ओळख मात्र जमिनीच्या उताऱ्याची होती.

ही कड पुढे पुसली गेली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षणाची रक्कम कुटुंबामागे पाच लाखांवर नेली, उपचारांची संख्या १,३५६ केली, मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख केली आणि शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातील सर्व कुटुंबांना योजना खुली केली. अंमल १ जुलै २०२४ पासून झाला. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळू लागले. रंगाचा वाद मिटला, पण त्याची जागा ई-केवायसीने घेतली. आधारवरचे नाव आणि रेशनकार्डावरचे नाव जुळत नाही, म्हाताऱ्या माणसाचे अंगठ्याचे ठसे उमटत नाहीत, लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव अजून माहेरच्याच कार्डावर आहे, अशा बारीकसारीक गोष्टींवर काम अडते. कार्ड काढण्याचा भार बराचसा आशा कार्यकर्त्या आणि सेतू केंद्रांवर पडला. कार्ड हाती आले की ते प्लास्टिकच्या पिशवीत आधार आणि बँकेच्या पासबुकासोबत जपले जाते. घरात कोणी आजारी नसतानाही लोक ते काढून ठेवतात, आणि हाही प्रतिसादच आहे.

दुसरी कड अंतराची. बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८६,२५८. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, लोणार, मेहकर, चिखली हा घाटावरचा भाग. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा घाटाखालचा. मोठे आजारपण आले की घाटावरचा माणूस जालना किंवा छत्रपती संभाजीनगरचे ‘घाटी’ रुग्णालय धरतो, घाटाखालचा अकोला नाही तर जळगाव खान्देश. जिल्ह्यात बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय, खामगावचे सामान्य रुग्णालय आणि शेगाव व मलकापूरची उपजिल्हा रुग्णालये आहेत. तरी हृदय, मेंदू, कर्करोग यांच्या मोठ्या उपचारांसाठी सहसा जिल्ह्याबाहेर पडावे लागते. योजनेच्या पॅकेजमध्ये खाट, औषधे, तपासण्या, जेवण आणि परतीचे एक वेळचे एसटी किंवा रेल्वेचे दुसऱ्या वर्गाचे भाडे धरलेले असते. सोबतच्या माणसाचे राहणे, त्याचे जेवण, बुडालेली मजुरी, आणि दाखल होण्याआधी खासगीत केलेल्या सोनोग्राफी-सीटी स्कॅनचे बिल पॅकेजात येत नाही. कॅशलेस म्हणवणारा उपचार घरी येईपर्यंत काही हजारांना पडतो, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याची तक्रारही कोणी करीत नाही. बाहेरून आणायला लावलेले औषध किंवा वरून मागितलेली ‘अनामत’ मात्र लोकांना खटकते. त्यासाठी १५५३८८ हा मदतक्रमांक आणि रुग्णालयातला आरोग्यमित्र आहे. रुग्ण दाखल असताना त्याच रुग्णालयाविरुद्ध बोलायला नातेवाईक धजत नाहीत, म्हणून तक्रारींच्या आकड्यावरून समाधान मोजणे धोक्याचे आहे.

तिसरी कड आजाराची, आणि या जिल्ह्यापुरती हीच सर्वांत महत्त्वाची. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. येथल्या भूगर्भातले पाणी खारे असते, विहीर-बोअरवेलचे पाणी पिण्याजोगे नसते. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतील कित्येक गावे या पट्ट्यात मोडतात. मूत्रपिंडाच्या विकारांबद्दल या भागातून वर्षानुवर्षे ओरड आहे आणि ती विधिमंडळापर्यंत पोचलेली आहे. जीवनदायीत डायलिसिस मोफत होते. ज्याला आठवड्यातून दोन-तीनदा यंत्राला जोडून घ्यावे लागते त्याच्यासाठी ही योजना अक्षरशः जीव धरून ठेवणारी आहे, आणि तिच्याबद्दल सर्वांत मनापासून चांगले बोलणारे लोकही याच पट्ट्यात भेटतात. तेच लोक दुसऱ्या वाक्यात विचारतात, की आधी गोडे पाणी का देत नाही? वान धरणावरून पाणी आणणारी जळगाव जामोद–संग्रामपूर भागातली १४० गावांची पाणीपुरवठा योजना आणि डायलिसिसचे पॅकेज यांचा हिशेब शासनाच्या दोन वेगळ्या खात्यांत लिहिला जातो. संग्रामपूरच्या शेतकऱ्याच्या घरात तो एकाच वहीत येतो. विमा मूत्रपिंड निकामी झाल्यावर धावून येतो, ते निकामी होण्याआधीच्या दहा वर्षांशी त्याचा संबंध नसतो.

या टीकेचेच दुसरे अंग बाह्यरुग्ण सेवेचे. रक्तदाब, मधुमेह, दमा यांच्या महिन्याच्या गोळ्या योजनेत नाहीत. भारतीय कुटुंबांच्या खिशातून जाणाऱ्या आरोग्यखर्चात अशा औषधांचा वाटा मोठा असतो. जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी महाराष्ट्रात सातत्याने हाच मुद्दा मांडला आहे, की विम्याच्या हप्त्यापोटी आणि खासगी रुग्णालयांच्या बिलांपोटी जाणारा पैसा प्राथमिक आरोग्य केंद्रे व शासकीय रुग्णालयांवर खर्च व्हावा. गावपातळीवर ही भाषा कोणी वापरत नाही. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरसह तपासणी व उपचार निःशुल्क झाले, तेव्हा बोलणे आले ते डॉक्टर भेटतो का आणि औषध बाहेरून आणावे लागते का, यावरच. केस पेपरचे काही रुपये कधीच कोणाला जड नव्हते.

डॉक्टरांचा प्रतिसाद वेगळा आणि अधिक संघटित आहे. पॅकेजचे दर परवडत नाहीत, ते वर्षानुवर्षे सुधारले जात नाहीत, झालेल्या उपचारांचे पैसे उशिरा येतात, पूर्वमान्यता नाकारली जाते, या तक्रारी इंडियन मेडिकल असोसिएशनने देशपातळीवर केल्या आहेत. त्यांत तथ्य आहे. छोट्या शहरात पंचवीस-तीस खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरला सहा महिने थकलेले बिल झेपत नाही. तो योजनेतून बाहेर पडतो किंवा मोजक्याच शस्त्रक्रिया योजनेत करतो, आणि तालुक्याच्या माणसाचे अंतर आणखी वाढते. दुसऱ्या बाजूने नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या ऑगस्ट २०२३ मधील अहवालात आयुष्मान भारत योजनेतील सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले आढळले. त्या आकड्याची देशभर थट्टा झाली, मात्र ज्यांचे कार्ड नाव न जुळल्याने अडले होते त्यांना त्यात हसण्यासारखे काही नव्हते. रुग्ण आणि योजना यांच्यामधला दुवा असलेल्या आरोग्यमित्रांनीही तुटपुंज्या वेतनासाठी राज्यभर कामबंद आंदोलन केलेले आहे.

कोविडच्या साथीत, मे २०२० मध्ये, योजना तात्पुरती सर्व नागरिकांना खुली झाली. तेव्हा खाट मिळणे हाच खरा प्रश्न होता आणि योजनेचा फलक लावलेल्या रुग्णालयातही योजनेतली खाट ‘भरलेली’ असल्याची तक्रार राज्यभर ऐकू आली. रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावण्याचे बंधन घालणारे शुश्रूषागृह नोंदणीचे सुधारित नियम २०२१ मध्ये आले. दरपत्रक वाचून कोणी घासाघीस केल्याचे सहसा दिसत नाही.

जून २०२४ पासून बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव केंद्रात आयुष खात्याचे स्वतंत्र प्रभार असलेले आणि आरोग्य खात्याचे राज्यमंत्री आहेत, त्यामुळे जिल्ह्यातल्या अपेक्षांना एक पत्ता मिळाला. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आदी गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक गावात आले. त्या दिवसांत पहिला संशय पाण्यावरच गेला. योजना किंवा कार्ड यांचा तिथे काही उपयोग नव्हता. लोकांना कारण हवे होते.

बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील अन्य नऊ महाविद्यालयांबरोबर दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन झाले. प्रवेशक्षमता १०० आहे. योजनेतील काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत. ते या महाविद्यालयाच्या रुग्णालयात होऊ लागले, तर घाटावरच्या रुग्णाची संभाजीनगरची आणि घाटाखालच्या रुग्णाची अकोल्याची खेप वाचेल, असा जिल्ह्याचा हिशेब आहे. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांची पदे भरली जाणे आवश्यक आहे.