कारकून हवे होते, गिऱ्हाईकही

मेकॉलेने १८३५ च्या टिपणात वर्णाने हिंदी, पण अभिरुचीने इंग्रज असा दुभाषी वर्ग मागितला, हे सर्वश्रुत आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याकडे मात्र व्यापारी समाजाचेही फारसे लक्ष जात नाही. शिक्षणाने विश्वासू नोकर मिळतील, शिवाय विलायती कारखान्यांना कच्चा माल व त्यांच्या मालाला अखंड मागणी लाभेल, असा हिशेब त्यात उघड मांडला होता. शाळा ही जणू पेढीची गुंतवणूकच!

नांदेड-लातूर निजामी राज्यात होते. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. हेतू निराळा, परंतु उच्च शिक्षणात मराठी वर्गाबाहेरच राहिली. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. नांदेडात पीपल्स कॉलेज निघाले ते निजामी राजवट संपल्यावर, १९५० मध्ये.