शाई, दौत आणि नानीचे माड

आमच्या आजोळी एक वही आहे. जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची. तीन पिढ्यांचा जमाखर्च, लग्नं, उसनवारी, वाटण्या, सगळं त्या एका वहीत. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात माळ्यावरचं कौल सरकलं आणि ट्रंकेत पाणी शिरलं. आठ-दहा दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात आलं. वही उन्हात वाळवली, पानं एकेक सोडवली, तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. सर्वांत जुनी पानं, पणजोबांच्या वेळची, बोरूनं लिहिलेली, कडेला थोडी काळवंडली होती, पण अक्षर जागच्या जागी. मधली पानं, टाकानं लिहिलेली, तपकिरी झालेली पण वाचता येत होती. आणि सर्वांत नवी पानं, नानांनी फाउंटन पेननं निळ्या शाईत लिहिलेली, कोरी. अगदी कोरी नव्हेत, फिकट निळं धुकं पसरलेली.

नेमकं त्याच पानांत नानीच्या मेहरचं पान होतं. नानांनी मेहरपोटी तिच्या नावे माड करून दिले होते. किती? थोरले मामू म्हणतात बारा. धाकटे म्हणतात दोन. पानावर उरलाय तो एकटा ‘२’, तोही अंदाजानं ओळखायचा. त्याच्या आधी ‘१’ होता की नव्हता, यावर माझ्या आईचा आणि दोन खालांचा हिस्सा अवलंबून. तेव्हा शाई हा विषय माझ्याकडे हौसेच्या दारानं आलेला नाही, हे आधी सांगून टाकतो.

आधी शब्द पाहू. शाई हा फारसी ‘सियाही’चा मराठी अवतार, म्हणजे मूळ अर्थ काळेपणा. ‘निळी शाई’ म्हणताना आपण निळा काळेपणा म्हणत असतो आणि कुणाला काही वाटत नाही. दौत अरबीतली, कलम अरबीतून आलेली (अरबांनी ती ग्रीकांकडून घेतली), कागद फारसीतून. शिवाजी महाराजांच्या काळात राजव्यवहारकोश तयार झाला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आणि ‘लेखनवर्ग’ म्हणून स्वतंत्र भागच केला. तरीही मराठी माणूस शाईनंच लिहीत राहिला. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिलाय. बरू कसे निवडावेत, साहित्याचा संग्रह कसा ठेवावा, हिंगूळ, मसी. तिथे शब्द ‘मसी’ आहे. तो पोथीत राहिला, शाई बाजारात गेली. आणि समुद्राची शाई करून लिहायला बसलं तरी पुरणार नाही, ही कल्पना कुरआनात आहे. शिवमहिम्न स्तोत्रात समुद्राची दौत करून तीत डोंगराएवढं काजळ घातलं आहे. दोघांनाही दौतीचा तळ दिसलेला असणार, त्याशिवाय असं सुचत नाही.

अरबी कातिबांनी शाईचे दोन गट फार पूर्वी वेगळे काढले होते. काजळ आणि डिंकाची ती ‘मिदाद’, मायफळ आणि हिराकस यांची ती ‘हिब्र’. (मायफळ म्हणजे झाडावर किड्यामुळे येणारी गाठ, जायफळाशी तिचा संबंध नाही.) अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतला अमीर मुइज्ज इब्न बादीस याच्या नावावर असलेला एक ग्रंथ आहे, ‘उम्दतुल कुत्ताब’. त्यात काळ्या शाया आहेत, रंगीत शाया आहेत, गुप्त लेखनाच्या शाया आहेत आणि लिहिलेलं पुसण्याच्या युक्त्याही आहेत. म्हणजे शाई बनवणारा आणि शाई उडवणारा एकाच पुस्तकातून शिकत होता. पुढे मामलुक काळातल्या कैरोच्या दफ्तरात काम केलेला अल-कल्कशंदी (मृत्यू १४१८) सांगतो की कागदाची शाई वेगळी आणि चामड्याची वेगळी. काजळाची कागदाला, मायफळाची चर्मपत्राला. मला हा मुद्दा सगळ्यात शहाणा वाटतो. कुठली शाई चांगली, असं त्यानं विचारलेलंच नाही. कशावर लिहिणार, हे आधी विचारलं.

कारण सरळ आहे. काजळ म्हणजे कोळशाचे बारीक कण. ते कागदाच्या पृष्ठभागावर डिंकानं चिकटून बसतात. ऊन, हवा, ब्लीच, कशानंही त्यांचा रंग जात नाही, कारण कोळसा हाच त्यांचा रंग. पण डिंक पाण्यात सुटतो, आणि गुळगुळीत चामड्यावरून थर खपलीसारखा पडतो. हिराकसाच्या शाईचं उलट. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. मायफळातलं किंवा हिरड्यातलं टॅनिन त्याच्याशी मिळतं, ते द्रव धाग्यांच्या आत मुरतं आणि हवा लागली की तिथेच काळं पडतं. पाण्यानं जात नाही. पण ती आम्लधर्मी, लोह जास्त झालं तर कागदच खाते. जुन्या युरोपीय दस्तांत अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराची भोकं पडलेली आढळतात ती यामुळे.

ही रसायनविद्या कोकणातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे, फक्त त्या नावानं नाही. केळफूल लोखंडी विळीवर चिरा, बोटं आणि पातं काळं होतं. तीच हिब्र. नानी केळफूल चिरायच्या आधी हाताला खोबरेल चोळायची. अल-कल्कशंदीला एवढं सांगायला पानं लागली.

आपल्याकडे दफ्तरांचा भरवसा काजळावर होता. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत आणि दोन-अडीचशे वर्षांनी त्यातलं अक्षर काळं कुळकुळीत आहे. यात शाईइतकंच श्रेय कागदाचं. दौलताबादजवळचं कागजीपुरा, जुन्नर, पुण्याच्या कसब्यातला कागदीपुरा इथले कागदी, बहुतेक मुसलमान, चिंध्या आणि तागाचा लगदा करून कागद काढत, त्याला खळ देत आणि दगडानं घोटून चकचकीत करत. खळ दिलेल्या त्या कागदावर काजळ आत न फुटता वर बसायचं. इतिहासाच्या पुस्तकात दस्त लिहिणाऱ्याचं नाव येतं, लिहवणाऱ्याचं येतं, कागद घोटणाऱ्याचं कधीच येत नाही. हा माझा जुना राग आहे, इथे एवढाच पुरे.

बोरू गेला, पोलादी टाक आला, आणि काजळ अडचणीत आलं. फाउंटन पेन आल्यावर तर संपलंच. त्याच्या जिभेखालच्या केसासारख्या नळीत कोळशाचे कण अडकतात. मग विरघळणारी शाई हवी. लंडनच्या हेन्री स्टीफन्सनं १८३२ च्या सुमारास विकायला काढलेली निळी-काळी शाई ही या वाटेवरची पहिली मोठी पायरी. हिराकसाची शाई ताजी असताना फिकी दिसते, लिहिणाऱ्याला अक्षर दिसत नाही. म्हणून तीत निळा रंग मिसळलेला. लिहिताना निळी, वाळल्यावर काळी. ‘ब्लू-ब्लॅक’ हे नाव अशा शाईच्या बाबतीत एका छटेचं नव्हे, एका प्रवासाचं आहे. पुढे पार्करनं १९३१ साली क्विंक आणली. त्याच वर्षी मुंबईत दांडेकर आणि कंपनीनं ‘हॉर्स ब्रँड’च्या शाईच्या पुड्या आणि वड्या विकायला सुरुवात केली, मग फाउंटन पेनसाठी ‘कॅमल’ शाई. कॅमलिन ती हीच. आमच्या मामूंच्या शाळेत वडी पाण्यात टाकून दौत भरायचा मान आलटून पालटून मिळे.

आणि याच सुमारास शाईच्या खोक्यांवर दोन शब्द आले: ‘परमनंट’ आणि ‘वॉशेबल’. वॉशेबल शाई मुद्दाम धुतली जाईल अशी केलेली असते, कपड्यावर डाग पडला तर निघावा म्हणून. ते तिचं वचन आहे आणि ती ते पाळते. नानांनी खोकं वाचलं नाही. त्यांना रॉयल ब्लूचा रंग आवडायचा.

तुलना शास्त्रानं करायची तर लोकांनी ती केली आहे. इंग्लंडच्या विल्यम लुईसनं १७६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मायफळ आणि हिराकस यांची वेगवेगळी प्रमाणं करून पाहिली आणि तीनास एक हे प्रमाण सुचवलं. अक्षर तपकिरी पडतं ते हिराकस जास्त झाल्यानं, हे त्याच्या ध्यानात आलं. प्रशियाच्या सरकारनं १८८८ मध्ये सरकारी शायांची परीक्षा आणि वर्गवारी ठरवून दिली. आपल्याकडेही भारतीय मानक आहे: आयएस २२० हे लोहयुक्त फाउंटन पेन शाईचं, लोहाचं प्रमाण ०.१ टक्का, आणि आयएस १२२१ हे नुसत्या रंगाच्या शाईचं. दोन वेगळी मानकं आहेत, यातच सगळं आलं.

माझी परीक्षा धामापूरला झाली. मालवणहून चौक्यावरून कुडाळकडे जाताना हे गाव लागतं. १५३० साली विजयनगरच्या मांडलिक नागेश देसायांनी बांधलेला तलाव, काठावर भगवतीचं देऊळ. २०२० साली या तलावाला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला. माझा शाळेपासूनचा मित्र तिथे राहतो, त्याची पडवी ऐसपैस, आणि तलावाचं पाणी क्लोरीनशिवायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असलं तर परीक्षा खोटी ठरते.

चार शाया घेतल्या. एक वॉशेबल निळी. एक लोहाची निळी-काळी. एक आजकालची कोळशाची, कण इतके बारीक की फाउंटन पेनातून उतरते. चौथी आम्ही केली. खोबरेलाची पणती, वर पालथी परळ, जमलेलं काजळ, बाभळीचा डिंक, आणि खलात दोन दिवस घोटणं. मित्राची आई बघून म्हणाली, “काजळ घालूक बाळ खंय आसा?” एकाच कागदाच्या पट्ट्या कापल्या. एक पट्टी तलावाच्या पाण्यात रात्रभर, एक अर्धी पुठ्ठ्यानं झाकून खिडकीत उन्हाला चार महिने, एक ब्लीचमध्ये.

सकाळी पाण्यातली पट्टी काढली तेव्हा निळीचं नाव नव्हतं. निळी-काळीतला निळा निघून गेला होता आणि राखाडी, बारीक, स्वच्छ रेघ उरली होती. कोळशाची विकतची तशीच. घरची काजळाची दिसायला शाबूत, पण ओली असताना बोट फिरवलं की पसरली. पणजोबांच्या पानांच्या कडेला जे झालं होतं, तेच. उन्हात निळी निम्म्याहून अधिक उडाली, लोहाची तपकिरीकडे झुकली, कोळशाच्या दोन्ही शायांना सूर्य उगवल्याचा पत्ताही लागला नाही. ब्लीचमध्ये मात्र लोहाची हरली, पिवळट गंजाचा डाग उरला. मायफळाच्या शाईवर जन्मभर विश्वास ठेवणाऱ्या मुनशीनं हे पाहायला हवं होतं.

आता एक गोष्ट उलटीही सांगायला हवी. आमच्याकडे आजारी माणसासाठी चिनी मातीच्या बशीवर जाफरानच्या पाण्यानं आयत लिहीत आणि ती धुऊन ते पाणी पाजत. नानी करायची. त्या शाईनं पुसलं जाणं हेच तिचं काम. ती पक्की असती तर निकामी. तेव्हा धुतली जाणारी शाई वाईट, असं मी म्हणत नाही. ती मेहरच्या पानावर वाईट.

त्या पानाचं काय झालं? जुनं लोहाचं अक्षर फिकटलं तरी अतिनील प्रकाशात गडद दिसतं, ही युक्ती अभिलेखागारांत नेहमीची. आमच्या पानात लोह नव्हतंच, दिवा काय दाखवणार. दुसरी युक्ती शाईची नाही, निबाची. नाना दाबून लिहायचे. खोली अंधारी केली, टॉर्च पानाला जवळजवळ आडवा धरला, आणि शब्द वर आले: ‘माड’, ‘कायमचे’, नानीचं नाव. रंग नाही, नुसते वळ. अक्षरी आकडा जिथे असायला हवा तिथे पान फाटलंय. ‘२’च्या डावीकडे एक उभा, वर किंचित वळलेला चर आहे. मी तो बारा दिशांनी पाहिला. थोरल्या मामूंनी पाहिला आणि काहीच बोलले नाहीत, फक्त नाक ओढलं. धाकट्या मामूंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “हा वळ आहे की वहीची घडी?”

प्रश्न खोटा नाही. घडी तिथूनच गेली आहे, फक्त ती सरळ आहे आणि हा चर वर वळतो.

नवं पान मी लिहून ठेवलंय, धामापूरच्या काजळानं नव्हे, त्या विकतच्या कोळशाच्या शाईनं, आकडा अंकी आणि अक्षरी दोन्ही. खाली थोरल्या मामूंची सही आहे, आईची आणि दोन्ही खालांची आहे. धाकट्या मामूंच्या नावापुढची जागा अजून रिकामी आहे. गेल्या ईदला ते आले होते. शीरखुर्मा खाल्ला, वही मागून घेतली, टॉर्चही मागितला.